भोंग्याची मॅच

कापणी आटोपत आली, बांध्यांमध्ये धानाची नुसती धसकटं उरली आणि त्यांच्यामधून लाखोळीच्या डाळीची कोवळी पानं डोकं वर काढू लागली, की माझं एका जागी बसणं संपतं. भाजी निवडायला घेते आणि अर्धी टाकून अंगणात येते. अंगणात कशाला आले ते आठवत नाही, म्हणून परत आत जाते. हवेत नव्या तणसाचा वास असतो, उन्हाला धार नसते, सकाळी तळ्यावरून धुकं हळूहळू सरकत असतं. कोणीही शांत बसावं असे हे दिवस. आणि मी मात्र पाय भाजलेल्या मांजरीसारखी घरभर. मुलं एकमेकांना म्हणतात, आली हिच्या अंगात मंडई.

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. आज या गावाची, परवा त्या गावाची. लेकी माहेरी येतात, जावई येतात, जावयांचे मित्रही येतात. शिंगाड्यांचे ढीग लागतात, उसाच्या मोळ्या उभ्या राहतात, दंडारीच्या नाचाचा ढोल घुमू लागतो आणि घरातल्या बाईचा दिवस चुलीपाशी उजाडून चुलीपाशीच मावळतो. पाहुणे किती आले ते कोणी मोजत नाही. भात कमी पडला की कळतं. पण यातल्या कशाचाच मला जाच नाही. माझी तगमग वेगळी आहे. ती फुटबॉलची आहे.

मला ओळखणारे हे वाचून हसतील, आणि त्यांनी हसावंच. फुटबॉलमधलं मला फार कळतं असं नाही. मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात ही गोष्ट लग्नाआधी मला कोणी सांगितली नव्हती, आणि सासरी आल्यावरच्या पहिल्याच मॅचमध्ये मी अर्धा वेळ समोरच्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. गोलकीपर नावाच्या माणसाला काहीतरी शिक्षा झालेली असते, म्हणून त्याला एकट्याला कोपऱ्यात उभं करतात आणि पळू देत नाहीत, असाही माझा समज होता. तो गोलकीपर माझा नवराच होता, त्यामुळे त्याने काय अपराध केला हे विचारायची मला भीती वाटली.

नवऱ्याचं नाव शालिक. लिहिताना नाव घ्यायला हरकत नाही. घरात मी आजही ‘हे’च म्हणते, आणि पुढेही तेच म्हणेन, नाहीतर हाताला लिहायचं सुधरणार नाही.

माझं माहेर साकोलीकडचं. तळी, धानाच्या बांध्या आणि नागझिऱ्याच्या जंगलातून रानडुकरं येतील म्हणून रात्रभर जागणारी मचाणं. सासर चिखल्याच्या अंगाला असलेल्या एका मँगनीजच्या खाणीची वस्ती. वस्तीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथले लोक या विषयावर अजून भांडतात आणि माझं वय आता भांडणात पडायचं राहिलेलं नाही. मी सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी तिथे गेले. पहिल्या दिवशी मला वाटलं, इथे सगळ्यांनी डोळ्यांत काजळ घातलंय. ती खाणीची काळी धूळ होती. कपडे धुताना पाणी काळं, नाक शिंकरलं तर रुमाल काळा, आणि संघाचा सदरा पिवळा आहे हे शिंप्याच्या शब्दावर मान्य करायचं.

त्या वस्तीत दिवस घड्याळावर चालत नसे, भोंग्यावर चाले. पाळी सुरू झाली, भोंगा. पाळी सुटली, भोंगा. आणि तिसरा, लांबलचक, रडका भोंगा असायचा तो सुरुंगाचा. संध्याकाळी पाळ्यांच्या मधल्या वेळात उघड्या खदानीत बार उडवत. तो भोंगा झाला की जो जिथे असेल तिथे खाणीकडे पाठ करून खाली बसे आणि डोक्यावर हात घेई. एखादा खडा कुठून उडून येईल सांगता येत नसे. आमच्या कौलांवर कधीमधी टण्णकन वाजायचं, आणि सासूबाई वर न बघता म्हणायच्या, “आला पाहुणा.”

आता फुटबॉलची वेळही नेमकी संध्याकाळचीच. त्यामुळे आमच्या मैदानावर एक रीत पडून गेली होती. रडका भोंगा झाला की खेळ जिथल्या तिथे थांबायचा. चेंडू होता तिथेच राहायचा. दोन्हीकडचे खेळाडू, रेफरी, बघे, सगळे पाठमोरे खाली बसायचे. गोलकीपर गोलाच्या मागच्या मोहाच्या बुंध्याआड जायचा. बार उडायचे, जमीन पायाखाली हलायची, मोहाची पानं थरथरायची. मग मोकळीकीचा छोटा भोंगा व्हायचा आणि खेळ पुन्हा सुरू. त्या मधल्या वेळात चेंडूला पाय लावणं म्हणजे प्रेताच्या ताटीवर उधळलेला पैसा उचलण्यासारखं. तसं कोणी कधी केलं नव्हतं. कोणाला सुचलंही नव्हतं.

मला स्वतःला ही सवय लागायला फार वेळ लागला. आमच्याकडे आवाज झाला की माणसं उठून बघायला धावतात. इथे आवाज झाला की बसायचं. मी दर वेळी उभीच राहायची आणि कोणीतरी पदर ओढून मला खाली बसवायचं.

मी सांगतेय ती मंडई त्यानंतर काही वर्षांनी, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची. तोवर आमचा क्लब नाव काढू लागला होता. आधी कोणीही यावं आणि हरवून जावं असा तो क्लब. आता आसपासचे संघ आमच्याशी खेळायचं म्हटलं की आठ दिवस आधी दंड काढायला लागत. क्लबचे सेक्रेटरी माझे धाकटे दीर, यशवंतभाऊजी. त्यांच्या डोक्यात आलं की यंदा मंडईच्या दिवशी एक मानाची मॅच ठेवायची, आणि ज्या संघाबरोबरच्या मॅचने आपल्या क्लबचं नशीब पालटलं त्या संघालाच पाहुणे म्हणून बोलवायचं. दर वर्षी. जावयासारखा मान द्यायचा, जेवू घालायचं.

कल्पना सुरेख होती. फक्त नशीब कोणत्या मॅचने पालटलं, हे ठरवायचं राहिलं होतं.

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. ते खाणीतून निवृत्त झालेले मुकादम. आवाज अजून खदानीच्या तळापर्यंत पोचेल असा. त्यांचं मत एकच आणि पक्कं होतं. तुमसरच्या संघाला आपण त्यांच्या मैदानावर जाऊन हरवलं, तिथून पुढे सगळं. भाऊजींचं म्हणणं, छे, कामठीच्या संघाशी बरोबरी केली ती मॅच. कामठीवाले म्हणजे पाळण्यात चेंडू घेऊन निजणारे लोक. त्यांना रोखलं म्हणून नागपूरपर्यंत नाव गेलं.

“बरोबरी म्हणजे अर्धा शिजला भात,” मामाजी म्हणाले. “त्यानं कोनाचं पोट भरते?”

भाऊजी म्हणाले, तुमसरवाल्यांचे निम्मे लोक त्या दिवशी हिवतापाने अंथरुणात होते. त्यांना तर आपल्या आईनेही हरवलं असतं.

सासूबाई तिथेच तांदूळ पाखडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही, पण आपलं मत दिलं. भंडाऱ्याच्या स्पर्धेत गोंदियाच्या संघाला हरवून पितळेचा गुंड बक्षीस मिळाला होता. कप वगैरे देण्यापेक्षा भंडाऱ्याचे भांडेवाले व्यापारी पाणी भरायचा गुंडच देत. “ज्या मॅचीनं घरात गुंड आला ते मॅच खरी,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या मॅचींनं काय आनलं? मळके कपडे.” खरं तर गुंड क्लबचा होता. पण क्लबची खोली गळकी म्हणून तो आमच्याकडे ठेवला होता, आणि एकदा पाणी भरल्यावर तो आमचाच झाला.

हा वाद दिवाळीच्या पाडव्याला सुरू झाला तो थांबेचना. सकाळी तोंड धुताना, पाहुण्यांसमोर, पंगतीत, मळणी चालू असताना. आलेला प्रत्येक पाहुणा एकेका बाजूला वाटून घेतला जाई. नणंदेच्या नवऱ्याने जावई म्हणून आल्याआल्या गोंदियाची बाजू घेतली, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या पानात मासोळीचा मोठा तुकडा वाढला. पुढे पुढे मामाजी आणि भाऊजी एकमेकांशी बोलेनासे झाले. एकाच ओसरीवर बसून मला सांगायचे, “सांग त्याले, तुमसरची मॅच दोन गोलांनी होती,” आणि “वहिनी, बाबाले विचारा, हिवताप कोनाले होता.” मी दोघांच्या मध्ये चहा घेऊन उभी. निरोप इकडून तिकडे नेता नेता चहा गार व्हायचा आणि तो गार झाल्याबद्दल मात्र दोघांचं एकमत असायचं.

या सगळ्यात एक माणूस काहीच बोलत नसे. ते म्हणजे हे.

वादाला तोंड फुटलं की हे उठायचे. गाईला पाणी दाखवून येतो म्हणायचे. त्या मंडईत आमच्या गाईने जन्मभराचं पाणी पिऊन घेतलं. परत यायचे, उंबऱ्यावर टेकायचे, तुमसर आणि कामठी ऐकायचे, आणि पुन्हा उठायचे. कुंपणाची काटी सारखी कर, दोर वळ, आधीच फोडलेली लाकडं आणखी बारीक फोड. मी स्वयंपाकघरातून बघायची. ह्यांचा जीव कशात अडकलाय हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच त्या तीन मॅचींखेरीज चौथीचं नाव कोणी काढत नव्हतं.

ती चौथी मॅच माझ्या लग्नाच्या वर्षातली, भंडाऱ्याची. खाणीच्या ट्रकमध्ये दाटीवाटीने उभे राहून आम्ही गेलो होतो. भंडारा जवळ आल्यावर वैनगंगेवरच्या वाऱ्याने पदर तोंडावर आला तो मी तसाच राहू दिला, कारण सासरची सगळी माणसं ट्रकमध्येच होती. मैदान गावाच्या कडेला. समोरचे भंडाऱ्याचे खेळाडू स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यांतले, इतके स्वच्छ की मला त्यांच्या बायकांचा हेवा वाटला. मॅच अटीतटीची झाली. एकही गोल नाही. आमच्यासारख्या संघाने भंडाऱ्यात जाऊन तोवर टिकणं हेच नवल होतं. बाजूला आमच्या वस्तीतल्या बाया उभ्या होत्या, खाणीवर दगड फोडणाऱ्या, निवडणाऱ्या. त्यांतल्या भागरथाबाई तर स्वतः खेळत असल्यासारख्या लाथा झाडत होत्या. संपायला थोडाच वेळ राहिला होता.

आणि जवळच्या कुठल्याशा धानाच्या गिरणीचा भोंगा झाला. लांबलचक. रडका.

आमचे अकराच्या अकरा खेळाडू खाली बसले. पाठमोरे, डोक्यावर हात. ह्यांनी गोल सोडला, मागे मोहाचं झाड नव्हतं म्हणून क्षणभर गोंधळले, आणि खांबाच्या मागे जाऊन उकिडवे बसले. बघायला आलेली आमची माणसंही बसली. मामाजी बसले. भागरथाबाई बसल्या. विचार करण्यात कोणाचाच वेळ गेला नाही; पापणी मिटावी तसं ते झालं.

उभी राहिले ती फक्त मी. सवय लागली नव्हती ना. पदर ओढणाऱ्या बाया त्या दिवशी माझ्यापासून लांब होत्या. त्यामुळे आमच्या बाजूच्या माणसांपैकी तो गोल ज्या एका माणसाने डोळ्यांनी पाहिला, ती बाजू बदलल्यावर उलट्या टाळ्या वाजवणारी मी.

पुढचं लवकर झालं. मैदानभर हसू फुटलं. ते हसू मी अजून विसरले नाही. पिंपातून धान सांडत राहावं तसं ते थांबतच नव्हतं. रेफरीने गोल दिला. द्यायलाच हवा होता, नियमात बसणारा होता. आमच्या लोकांनी माना वळवल्या तेव्हा चेंडू जाळीत होता आणि ह्यांचे हात अजून डोक्यावर.

परतताना ट्रक पुन्हा तसाच दाटीवाटीने भरला. मी ह्यांच्या शेजारी उभी होते. मला जे दिसलं होतं ते मी हळूच ह्यांच्या कानाशी सांगितलं. ह्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. त्यानंतर हे गोलात कधी उभे राहिले नाहीत.

धानाचा दाणा कधी भरला ते कोणी सांगू शकत नाही. लोंबी बाहेर आली ते दिसतं, लोंबी वाकली ते दिसतं, कापणीचा दिवस तर सगळा गाव सांगतो. पण त्या कोंड्याच्या आत दूध कोणत्या दिवशी उतरलं, ते बघायला कोणी गेलेलं नसतं. तो बहुतेक मळभाचा, चिकचिकीचा, कोणालाच नको असलेला दिवस असतो.

त्या हारीनंतर दोनेक दिवसांनी भागरथाबाई आमच्या दारात आल्या. त्या घरात सहसा येत नसत; मामाजी मुकादम असल्यापासूनचं अंतर होतं. त्या दाराशीच उभ्या राहिल्या आणि जे बोलल्या ते मी आतून ऐकलं.

“ते लोक खेळावर नाही हासले, मुकादम. आपल्या बसन्यावर हासले. आपन बसतो म्हनून जिते आहो.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “पोट्ट्यायले एका पाळीत आना. ज्याची रातपाळी असन त्याच्या जागी आमच्या घरचा जाईन.”

तोवर आमच्या संघाची रड हीच होती. अकराजण तीन पाळ्यांत वाटलेले. एक उतरतो तेव्हा दुसरा चढतो. मॅचच्या दिवशी मैदानावरच त्यांची एकमेकांशी गाठ पडायची, एखाद्या लग्नात दूरचे नातेवाईक भेटावेत तशी. भागरथाबाईंचा नवरा एकाच्या पाळीवर गेला. मग शेजारचा गेला. फुटबॉलला नावं ठेवणारे, भजनी मंडळातले, बुद्धविहारात संध्याकाळी वंदनेला बसणारे, जन्मात चेंडूला पाय न लावलेले लोक आपली झोप सोडून खेळाडूंच्या पाळ्या करू लागले. अकराजण रोज संध्याकाळी एकत्र खेळू लागले. पुढच्या हंगामात तुमसर. मग कामठी. मग तो गुंड.

आणि नवा गोलकीपर जो आला, त्याच्या रातपाळ्या कोण करत होतं? हे. हेही खाणीतच कामाला होते. न सांगता, न बोलता, काही वर्षं. सकाळी घरी यायचे, डोळे लाल, आणि मला वाटायचं पाळी ह्यांचीच होती, डोळ्यांत धूळ गेली असेल.

म्हणजे बघा, त्या मंडईत ह्यांची कोंडी कशी होती. भोंग्याच्या मॅचचं नाव निघालं तर दर वर्षी ढोल वाजवून ती लाज गावासमोर बसवायची, तिला हळदीकुंकू लावायचं. आणि नाव नाहीच निघालं, तुमसर नाहीतर कामठी ठरलं, तर ती लाज, त्या रातपाळ्या, सगळं कशातच जमा नाही. माणसाने काय मागावं? हे गाईला पाणी पाजत राहिले.

मंडई तोंडावर आली. निमंत्रण घेऊन माणूस पाठवायचा तर आता पाठवायलाच हवा होता. त्या संध्याकाळी ओसरीवर भाऊजींनी शेवटचं विचारलं, म्हणजे मला विचारलं, की बाबा तुमसरवरून हटतात की नाही. मामाजींनी मला सांगितलं की ते हटत नाहीत. माझे हात पिठात. तेवढ्यात हे रिकामी बादली घेऊन मागच्या दाराने आत आले आणि बादली हातात तशीच धरून म्हणाले,

“भंडाऱ्यावाल्यायले बोलवा.”

सासूबाईंना वाटलं गुंडाचा विषय आहे. त्या म्हणाल्या, “ते तर गोंदियावाले होते ना गा.”

“भोंग्याची मॅच म्हनून राहिलो मी.”

मामाजी किती दिवसांनी थेट बोलले, आणि हळू आवाजात बोलले. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. “ते तर आपन हारलो होतो.”

“हारलोच. पन पाळ्या तवापासून बदलल्या. पाळ्या बदलल्या म्हनून पोट्टे एकत्र खेळले. तुमसर अन् कामठी मंग आली, बाबा.”

“तुले चालते का?”

“नाही चालत,” हे म्हणाले. “पन होय तेच हाय.”

भाऊजींनी मान खाली घातली. मला वाटलं आता संपलं. पण मामाजी मुकादम होते, चौकशी पुरती केल्याशिवाय सोडायचे नाहीत. ते म्हणाले, त्या लोकांना मान द्यायचा, पानावर बसवायचं, तर ते कसे होते हेही बघायला हवं. बसलेल्या माणसांवर गोल मारणाऱ्यांना पाहुणे म्हणून बोलवायचं का? आणि तो गोल कसा झाला हे आपल्यापैकी पाहिलं कोणी? सगळेच तर पाठमोरे.

“हिनं पाहिला,” हे म्हणाले. “हिले विचारा.”

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. मामाजींसमोर मी निरोप पोचवले होते, माझं असं कधी काही बोलले नव्हते. तेही फुटबॉलवर. पदर सावरावा तर हात पिठाचे, तो तसाच घसरू दिला. मी सांगितलं, जसं दिसलं होतं तसं. भोंगा झाला, आपली माणसं बसली. त्यांचा पुढचा खेळाडू चेंडू घेऊन धावत होता, तो थांबला. त्याने चेंडू पायाखाली धरला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. रिकाम्या गोलाकडे बघितलं, आणि चेंडू थोडा मागे ओढला, जसं पायरीवर निजलेल्या माणसाला ओलांडायचं नाही म्हणून आपण पाय मागे घेतो. मग त्याची माणसं ओरडायला लागली, मार, मार. ती सगळी त्याची माणसं. त्याने मारला, पण बघितलं नाही. जमिनीकडे बघत मारला.

मामाजी माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “आजवर काहून नाही सांगितलं, बाई?”

मी म्हटलं, विचारलं नाही कोणी.

ह्यांनी बादली खाली ठेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

भंडाऱ्याचा संघ मंडईच्या दिवशी दुपारी आला. मॅच झाली, कोण जिंकलं ते मला आठवत नाही, कारण माझं अर्धं लक्ष पुरणाच्या पातेल्यात आणि अर्धं ह्यांच्यात होतं. हे यजमान म्हणून गळ्यात उपरणं घालून उभे होते आणि उपरण्याचं टोक सोडून पुन्हा गुंडाळत होते. मॅच संपल्यावर पाहुण्यांतला एक जाडसर माणूस ह्यांच्याकडे आला. संघाबरोबर तो नुसता आला होता, खेळण्याचं वय आणि पोट दोन्ही पुढे गेलेलं. नाव वासुदेवराव, भंडाऱ्यात भांड्यांचं दुकान. मी शेजारीच पाण्याचे गडू घेऊन उभी होते. मी त्याला चेहऱ्यावरून ओळखलं नसतं. मान खाली घालायच्या लकबीवरून ओळखलं.

“खांबाच्या मागं बसले होते ते तुमीच का जी?” त्याने विचारलं.

हे म्हणाले, मीच.

मग तो सांगायला लागला, आणि सांगताना घामाघूम झाला. त्या गोलाने त्याला कुठे तोंड काढू दिलं नव्हतं. त्या दिवशी मार मार म्हणून ओरडलेलीच माणसं दुसऱ्या दिवसापासून त्याला टोमणे मारायला लागली. सासुरवाडीला गेला की मेहुणा चारचौघांत म्हणायचा, आमच्या जावईबुवांसमोर कोणी नसलं तरच ते गोल मारतात. पुढे त्याने खेळ सोडला, दुकानात बसला. आमचं बोलावणं गेलं तेव्हा त्याला वाटलं, हे लोक अपमान करायला बोलावताहेत. बायको म्हणाली, जाऊ नका. तरी आला.

“रातच्याले झोप नाही लागत असं नाही,” तो म्हणाला. “पन कुठी भोंगा झाला का मी उठून उभा राहतो.”

हे त्याच्याकडे बघत राहिले. मग गळ्यातलं उपरणं काढून त्यांनी माझ्याकडे दिलं, माझ्या हातात गडू आहेत हे न बघता. ते खांद्यावर पडलं. “चाला,” हे म्हणाले. “आता मारा. मी उभा आहो.”

माणसं मंडईकडे पांगली होती. ऊन तांबूस झालं होतं, शिंगाडेवाल्यांच्या आरोळ्या आणि पाळण्याची करकर लांबून येत होती. मैदानावर हे दोघंच. वासुदेवरावांनी चपला काढून बाजूला नीट जोडीने ठेवल्या, विजार वर दुमडली. चेंडू ठेवला. पुन्हा उचलून ठेवला. पहिला फटका सरळ आत गेला. हे त्याच्यावर झेपावले आणि तांदळाच्या पोत्यासारखे आदळले. मला वाटलं गेलं ह्यांचं माकडहाड. उठले, धसकटांतून चेंडू स्वतः शोधून आणला, त्यांच्या पायाशी ठेवला आणि म्हणाले, आणखी एक. दुसरा बाहेर गेला. मग एक छातीवर बसला आणि ह्यांनी तो दोन्ही हातांनी असा कवटाळला की सोडायलाच तयार नाहीत. तो अडवल्यावर दोघांपैकी जास्त कोण सुखावलं, मला ओळखता आलं नाही.

मी मैदानाच्या कडेच्या धुऱ्यावर, बांधावर, उभी होते. पंगत मांडली होती, सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, तळून झाल्या होत्या, वांग्याचा रस्सा वाढला होता. पाहुणे पानावर खोळंबले होते. मामाजींनी मला पाठवलं होतं, त्या दोघांना घेऊन ये म्हणून.

वासुदेवराव मागे सरले, धाव घ्यायला. हे हातांवर थुंकले आणि हात चोळले.

मी हाक मारली नाही.